संतचरित्रकार महिपती महाराज ताहराबादकर

वारीच्या वाटेवर दिंडी विसाव्याला टेकली, म्हणजे गोष्टी निघतात. गोरोबाकाका चिखल तुडविताना काय घडले, जनाबाईच्या जात्याला हात कोणी लावला, दामाजीपंतांसाठी देव विठू महार होऊन बेदरास कसा गेला, या कथा ऐकता ऐकता पायांचा शीण कमी होतो. या गोष्टी तुम्हांला कोणी सांगितल्या असे विचारले, तर कोणी म्हणतो आजीने, कोणी म्हणतो कीर्तनकार बुवांनी. बरे, आजीला कोणी सांगितल्या? तिच्या माहेरी श्रावणात पोथी लागत असे, त्या पोथीने. आणि ती पोथी कोणाची? बहुतेक वेळा तिच्यावर एकच नाव निघते; ते म्हणजे ताहराबादचे महिपती.

ज्या संतांच्या नावाचा आपण रोज गजर करतो, त्यांची चरित्रे घरोघर पोचविणारा हा पुरुष स्वतः मात्र मागे राहिला. त्यांनी दुसऱ्यांची चरित्रे हजारो ओव्यांत गायिली, स्वतःविषयी फारसे बोलले नाहीत. म्हणून या अंकी त्यांचे चरित्र थोडक्यात सांगावे असे आम्ही योजिले आहे. त्याला आणखी एक कारण आहे. हल्ली वारकऱ्याच्या तोंडीही एक सुस्कारा वरचेवर ऐकू येतो. पाऊस वेळेवर नाही, शेतीचा भरवसा नाही, मुले शहरात गेली, गावच्या भजनात चार म्हातारी डोकी उरली, आमच्यामागे वीणा कोण घेणार, असे म्हणत माणसे मान हलवितात. पूर्वीचे राहिले नाही आणि पुढचे काही खरे नाही, असा त्या सुस्काऱ्याचा अर्थ. या सुस्काऱ्याला महिपतींच्या चरित्रात मोठे मार्मिक उत्तर आहे, असे आम्हांस वाटते. कसे, ते वाचकांनीच पाहावे.

जन्म आणि घराणे

अहिल्यानगर म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात राहुरी तालुक्यात ताहराबाद नावाचे गाव आहे. तेथे शके १६३७, म्हणजे इ.स. १७१५ मध्ये महिपतींचा जन्म झाला. वडिलांचे नाव दादोपंत, आईचे गंगाबाई. घराणे मूळचे मंगळवेढ्याकडचे, असे परंपरा सांगते. दादोपंत हे पंढरीचे नेमाचे वारकरी. उतारवयात पांडुरंगाच्या कृपेने पुत्र झाला अशी त्यांची श्रद्धा होती, आणि त्यामुळे मुलाच्या कानांवर पहिल्यापासून पडले ते टाळमृदंग आणि विठ्ठलनाम. ज्या घरी वारी आहे त्या घरच्या पोराला भक्ती निराळी शिकवावी लागत नाही. ती चुलीपाशी आणि ओसरीवर आपोआप मिळते.

घरी गावचे कुलकर्णपण होते. कुलकर्ण्याचे काम काय, हे आताच्या तरुणांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. गावातली जमीन कोणाची, पीक काय, सारा किती आला, किती थकला, याचे दप्तर त्याने ठेवायचे. वरून बोलावणे आले की बस्ता काखोटीला मारून हजर व्हायचे. म्हणजे बोरूची लेखणी आणि दौत हीच कुलकर्ण्याची नांगर आणि बैलजोडी. महिपतींनाही हेच काम करावे लागले. अक्षर, हिशेब, कागदाची शिस्त या गोष्टी त्यांच्या हाती आल्या त्या येथेच. देवाने पुढे त्यांच्याकडून जे काम करून घ्यायचे होते, त्याची ही तालीमच होती म्हणा ना.

लेखणी देवापायी ठेविली

एके दिवशी महिपती पूजेला बसले होते. तेवढ्यात जहागीरदाराचा शिपाई दारात आला. सरकारी काम आहे, ताबडतोब चला, म्हणून त्याने तगादा लाविला. पूजा आटोपून येतो, थोडे थांबा, असे महिपतींनी विनविले. शिपायाला कसला धीर? तो वाटेल ते बोलू लागला. महिपती उठले, मुकाट्याने गेले, जे काम होते ते पुरे करून दिले. पण घरी परतल्यावर त्यांनी कानावरची लेखणी काढली आणि विठ्ठलाच्या पायांशी ठेविली. आजपासून ही लेखणी धन्याच्या चाकरीसाठी उचलायची नाही, संतांची चरित्रे लिहिण्यासाठीच उचलायची, असा त्यांनी पण केला. आपल्या वंशातही कोणी चाकरीची लेखणी धरू नये असे त्यांनी सांगून ठेविले, अशी कथा परंपरेने चालत आली आहे.

वाचकहो, यातली एक गोष्ट लक्षात घ्यावी. महिपतींनी शिपायाशी भांडण मांडले नाही आणि हातचे कामही अर्धे टाकले नाही. ते पुरे केले, मग सोडले. आणि सोडले तेही रागाने लेखणी मोडून नव्हे. जी लेखणी शेताचा वसूल टिपीत होती, तीच आता संतांचा ठेवा टिपू लागली. गावच्या जमिनीचे दप्तर ठेवणारा कुलकर्णी पंथाचे दप्तर ठेवू लागला.

पुढे स्वप्नात तुकोबारायांनी त्यांना अनुग्रह दिला. महिपती हे तुकोबांनाच आपले सद्गुरू मानीत. तुकोबा वैकुंठाला गेले ते १६५० मध्ये, म्हणजे महिपतींच्या जन्माच्या ६५ वर्षे आधी. देहाने भेट होणे शक्यच नव्हते. पण मागे होऊन गेलेल्या माणसाचे बोट धरून पुढे चालता येते, हे महिपतींनी आपल्या जन्मानेच दाखवून दिले. त्याच मुलुखातल्या पिंपळनेरच्या निळोबारायांचेही तसेच. गुरू कालच्या पिढीतला, शिष्य आजच्या. मधले अंतर नामाने भरून निघाले.

ग्रंथ कसे घडले

महिपती कीर्तन करीत, वारी करीत, आणि लिहीत. त्यांचा संतलीलामृत हा ग्रंथ १७५७ मध्ये पुरा झाला. त्यानंतर १७६२ मध्ये भक्तविजय, १७६५ मध्ये कथासारामृत, १७७४ मध्ये भक्तलीलामृत. संतविजय हा ग्रंथ अपुरा राहिला. याशिवाय लहानसहान स्तोत्रे आणि व्रतकथा आहेतच. एकट्या भक्तविजयाचे ५७ अध्याय असून ओव्या सुमारे १० हजार. भक्तलीलामृताचे अध्याय ५१. त्यात २५ पासून ४० पर्यंतचे १६ अध्याय तुकोबारायांच्या चरित्रालाच दिलेले आहेत. गुरूचे चरित्र सांगताना शिष्याची वाणी कशी आटोपावी?

हे सारे त्यांनी आपल्या कल्पनेने रचले नाही. भक्तविजयात त्यांनी स्वतःच आपले आधार सांगितले आहेत. उत्तरेकडे नाभाजींनी हिंदीत भक्तमाल रचली होती, आणि इकडे उद्धवचिद्घन यांनी मराठीत संतचरित्रे गायिली होती. त्या दोघांचा आधार घेऊन आपण ही माळ ओवली, पदरचे काही घातले नाही, असा त्यांचा निर्वाळा आहे. कुलकर्ण्याच्या सचोटीचाच हा भाग. दप्तरात नोंद कोणाच्या सांगण्यावरून घेतली, ते लिहून ठेवायचे असते!

आणि या माळेत मणी तरी कसले? ज्ञानोबा, नामदेव, एकनाथ तर आहेतच. पण कबीर आहेत, रोहिदास आहेत, मीराबाई आहेत, गुजराथचे नरसी मेहता आहेत, श्रीगोंद्याचे शेख महंमद आहेत. कुंभार, माळी, सोनार, न्हावी, महार, दासी, बादशहाचा अंमलदार, सगळे एका पंक्तीला. इतका मोठा गोतावळा एका पोथीत बसविणे हे लहान काम नव्हे.

काळ कसा होता

आता हे ग्रंथ कोणत्या दिवसांत लिहिले गेले, ते पाहू. कारण या चरित्राचा गाभा येथेच आहे.

महिपतींच्या बालपणी साताऱ्यास शाहू महाराज छत्रपती होते. मराठ्यांचा अंमल वाढत वाढत १७५८ मध्ये अटकेपर्यंत गेला. तेव्हा महिपती त्रेचाळीस वर्षांचे होते. आणि मग १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. मोठ्या सरदारांपासून साध्या बारगिरापर्यंत हजारो माणसे एका दिवसात गेली. महाराष्ट्रात ज्या घरचे कोणी गेले नाही असे घर विरळा. गेलेला माणूस मेला की कैदेत आहे, हेसुद्धा कित्येक घरी कळले नाही. बायकांनी कुंकू पुसावे की लावावे असा पेच पडला. त्याच साली जून महिन्यात नानासाहेब पेशवे त्या दुःखाने पुण्यास वारले. गादीवर आले ते माधवराव, सोळा वर्षांचे. ती संधी साधून निजामअली चालून आला. गोदावरीकाठच्या टोके येथली देवळे त्याच्या फौजेने उद्ध्वस्त केली. टोके काही फार लांब नाही. महिपतींच्या मुलुखातलेच ते. म्हणजे पानिपत दूरचे म्हणावे, तर हे संकट दाराशी आले होते.

आणि भक्तविजय पुरा झाला तो त्याच्या पुढच्याच वर्षी, शके १६८४ मध्ये, म्हणजे १७६२ साली. दहा हजार ओव्या काही चार दिवसांत होत नाहीत. तेव्हा उत्तरेकडून एकेक वार्ता येत असता ही लेखणी चालूच असली पाहिजे, असा आमचा तर्क आहे. ग्रंथाचा विषय पानिपत नव्हे, आणि पानिपतामुळेच तो लिहिला असे म्हणण्याचा आमचा आग्रह नाही. पण जो महाराष्ट्र पराजयाने खचून बसला होता, त्याच्या हाती त्या वर्षी जी पोथी पडली तिच्या नावात विजय हा शब्द होता, ही गोष्ट विसरता येत नाही.

दुसऱ्यांदाही तसेच झाले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. घरच्याच माणसांवर संशय, राज्यात फूट, कोणाचा कोणावर विश्वास नाही. त्याच्या पुढच्या वर्षी महिपतींनी भक्तलीलामृत पुरे केले. तलवारी आपापसांत भिडल्या होत्या, आणि ताहराबादेस एक म्हातारा होऊ लागलेला गृहस्थ तुकोबांची कथा शांतपणे लिहीत होता.

मागचे दुःख लपविले नाही

कोणी म्हणेल, मग हे जगाकडे पाठ फिरविणेच झाले की! आजच्या दुःखाकडे डोळेझाक करून जुन्या गोष्टींत रमायचे. पण महिपतींच्या कथा उघडून पाहा. त्यांत सुख किती आणि दुःख किती, ते मोजा.

आळंदीची चार भावंडे घ्या. संन्याशाची पोरे म्हणून गावाने वाळीत टाकलेली, आईबाप गेलेले, शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट तुडविणारी. अशा पोरांकडे पाहून, यांच्या हातून पुढे काही होईल, असे त्या वेळी कोण म्हणाले असते? त्यांतल्याच एकाने १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली.

दामाजीपंत घ्या. दुष्काळाने माणसे तडफडू लागली, मंगळवेढ्याच्या कोठारात बादशहाचे धान्य भरलेले, आणि हुकूम नाही. त्यांनी कोठारे उघडली आणि माणसे जगविली. शिक्षेची तयारी ठेवूनच उघडली. देव धावला तो नंतर.

भानुदासांची कथा तर फारच सांगण्यासारखी. विजयानगरच्या राजाने विठ्ठलाची मूर्ती आपल्या राजधानीस नेली. पंढरी राहिली, चंद्रभागा राहिली, वारकरी आले, आणि विटेवर देव नाही! पंथ संपला असेच लोकांस वाटले असेल. एकनाथांचे पणजोबा भानुदास उठले आणि तिकडे गेले. तेथे त्यांच्यावर देवाचा हार चोरल्याचा आळ आला, सुळाची शिक्षा झाली. त्या सुळाला पालवी फुटली, असे महिपती सांगतात. भानुदास देवाला घेऊन परत आले. त्यानंतरही स्वाऱ्यांच्या धास्तीने मूर्ती आसपासच्या गावांत हलवावी लागली, असे इतिहास सांगतो. देव हलला, पण वारी मोडली नाही.

आणि तुकोबाराय! १६३० च्या सुमाराच्या त्या भयंकर दुष्काळात दुकान बुडाले, पहिली बायको अन्न अन्न करीत गेली, मुलगा गेला, गुरेढोरे गेली. महिपतींनी यातले काही सौम्य केले नाही. पण कथा तेथे थांबत नाही. त्याच तुकोबांनी देहूचे पडके विठ्ठलमंदिर उभे केले, आणि लोकांकडून येणे असलेल्या कर्जाच्या खतांतली आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली. ज्याचे सर्वस्व दुष्काळाने नेले, त्याने दुसऱ्यांच्या डोक्यावरचा भार उतरविला.

म्हणजे महिपतींनी सांगितलेला विजय कसला, ते ध्यानात येते. संकट आलेच नाही याला ते विजय म्हणत नाहीत. संकट आले, पुरते आले, आणि तरी माणसाने हातची वाट सोडली नाही, याला ते विजय म्हणतात. पानिपतात मुलगा गमावलेली एखादी आई ही कथा ऐकायला बसली असेल, तर तिला कोणी खोटा धीर दिला नाही. तुझ्याआधीही असेच घर बसले होते, आणि त्या घरातून पुढे उजेड निघाला, एवढेच तिला कळले. पोकळ आशेपेक्षा हे फार भक्कम असते.

साखळी

महिपतींच्या कामात दुसरा एक अर्थ भरलेला आहे. ज्ञानोबांचे चरित्र पहिल्याने गायिले ते त्यांचे सोबती नामदेवरायांनी. ज्ञानेश्वरीत पुढे पाठभेद शिरले, तेव्हा ती शुद्ध केली एकनाथांनी, शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली. ग्रंथ झाल्याला तोवर २९४ वर्षे उलटली होती! समाधीचा शोधही त्यांनीच घेतला, असे आपण मानतो. संतांच्या कथा नाभाजींनी ओविल्या, उद्धवचिद्घनांनी मराठीत आणल्या, आणि तेथून महिपतींनी घेतल्या. यांतल्या कोणालाही पुढे काय होणार ते दिसत नव्हते. प्रत्येकाने मागच्याच्या हातून जे आले ते नीट पाहिले, पुसून स्वच्छ केले, आणि पुढच्याच्या हाती दिले. भविष्याची काळजी वाहण्याची संतांची रीत ही अशी. पुढे काय होईल म्हणून ते कपाळाला हात लावून बसले नाहीत. पुढच्याच्या हाती काय द्यायचे, ते त्यांनी पाहिले.

येथे एक शंका घेतली जाते, तिचाही विचार करू. महिपतींचा काळाचा हिशेब मागेपुढे होतो, चमत्कार फार आहेत, म्हणून त्यांना इतिहासकार कसे म्हणावे, असे अभ्यासक विचारतात. विचारू देत. सनावळीसाठी दुसरी साधने आहेत आणि ती अवश्य पाहावीत. सत्याच्या शोधाचे वारकऱ्याला वावडे नाही. एकनाथांनी शुद्ध प्रत केली ती अशुद्ध चालत नव्हती म्हणूनच. पण कोण्या गावी कोण भक्त होऊन गेला, त्याच्यावर काय प्रसंग आला, लोकांनी त्याला कसे स्मरले, ही नोंद महिपतींनी केली नसती, तर यांतली कित्येक नावे आज आपणांस कळलीही नसती. राजांच्या बखरी लिहिणारे पुष्कळ होते. कुंभाराची आणि दासीची बखर लिहिणारा हा एक.

महिपतींच्या मागे

श्रावण वद्य द्वादशी शके १७१२, म्हणजे १७९० मध्ये, पंच्याहत्तर वर्षांचे होऊन महिपतींनी ताहराबादेस देह ठेविला. त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, १८१८ मध्ये, पेशवाई बुडाली. ज्या राज्याच्या चढउतारात त्यांचे आयुष्य गेले ते राज्यच नाहीसे झाले. पंथाचे काय झाले? तो वाढला. आरफळचे हैबतरावबाबा ग्वाल्हेरीस शिंद्यांच्या पदरी होते. ते सारे सोडून ते आळंदीस आले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी माउलींच्या पालखीचा आजचा थाट बसविला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले. राज्य गेले तेव्हा वारीला शिस्त आली! हे महिपतींना कोणी सांगितले असते, तर त्यांना नवल वाटले नसते. त्यांनी अशाच गोष्टी तर आयुष्यभर लिहिल्या होत्या.

त्यांच्या पोथ्या आधी हातांनी नकलल्या गेल्या, मग छापखाना आला. चातुर्मासात देवळात, घरच्या माजघरात त्या वाचल्या जाऊ लागल्या. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनी ऐकून पाठ केल्या. अमेरिकेहून आलेले जस्टिन अॅबट हे ख्रिस्ती मिशनरी. त्यांनी आपल्या आयुष्याची शेवटची वर्षे मराठी संतांच्या चरित्रांचे इंग्रजी भाषांतर करण्यात घालविली. पंडित नरहर गोडबोले यांच्या साह्याने केलेले भक्तविजयाचे भाषांतर १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले. ते पाहायला अॅबटसाहेब राहिले नव्हते. तीही साखळीच. धर्म निराळा, देश निराळा, पण हातातला ठेवा पुढे द्यायचा, ही रीत तीच.

आज आपण

आता सुरुवातीच्या सुस्काऱ्याकडे येऊ. २०२० साली कोरोनाची साथ आली आणि पायी वारी बंद झाली. पादुका एस्. टी.च्या गाडीतून पंढरीस गेल्या. २०२१ लाही तसेच. आमच्यापैकी कितीकांनी उंबऱ्यातच उभे राहून पंढरीकडे तोंड केले, हात जोडले आणि डोळे पुसले. जन्मात एकही वारी न चुकलेल्या म्हाताऱ्यांचे हाल तर बघवत नव्हते. पंथावर असा प्रसंग कधीच आला नव्हता, असे लोक बोलू लागले. पण भक्तविजय ज्यांच्या कानांवर होता त्यांना कूर्मदास आठवले. हातपाय नसलेला तो भक्त पैठणहून गडबडा लोळत पंढरीस निघाला, लऊळापाशी त्याचे बळ सरले, आणि जो पोचू शकला नाही त्याच्याकडे देवच चालत गेला. विटेवरून देव नेला गेला तेव्हाही पंढरी टिकली, हे आठवले. अशी माणसे रडली नाहीत असे नव्हे. रडली, पण खचली नाहीत. २०२२ मध्ये वाट पुन्हा दिंड्यांनी भरली, तेव्हा या लोकांना आनंद झाला, आश्चर्य मात्र वाटले नाही.

मागचे माहीत असण्याचा उपयोग हा असा. ज्याला मागचे ठाऊक नाही, त्याला आपल्यावर आलेले संकट जगातले पहिले आणि शेवटचे वाटते. ज्याला ठाऊक आहे, तो म्हणतो, ही चढण आहे खरी, पण या वाटेने आधी माणसे गेली आहेत.

म्हणून वाचकांस आमची एक विनंती आहे. आपल्या गावची दिंडी कोणी सुरू केली, वीणा कोणाकोणाच्या गळ्यात होता, कोणत्या साली दुष्काळ पडला आणि तरी कोण गेले, भजनात पहिल्याने टाळ कोणत्या बाईने धरला, हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून एका वहीत लिहून ठेवा. कोणाच्या तोंडून ऐकले तेही लिहा, महिपतींनी लिहिले तसे. चार शाळकरी पोरांना हाताशी धरा, त्यांच्याकडूनच लिहवून घ्या. वीणा कोण घेणार, या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्या वहीच्या भोवतीच बसलेले सापडेल. ज्या पोराने आपल्या पणजोबाची वारी स्वतःच्या हाताने लिहिली, त्याचे पाय आषाढात घरी कसे राहतील?

ताहराबादेस महिपती महाराजांचे स्थान आहे, विठ्ठलमंदिर आहे. आषाढीला तेथून पालखी पंढरीस निघते. राहुरीच्या वाटेने जाणे घडले तर तेथे अवश्य जावे. आणि जाणे नाहीच घडले, तर येत्या श्रावणात घरी भक्तविजय लावावा, रोज एक अध्याय वाचावा, घरची पोरे शेजारी बसवावीत. ज्याने मागच्यांची आठवण पुढच्यांसाठी जपली, त्याचे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस तरी ठाऊक नाही.

रामकृष्णहरि.